ईसीएम बदलण्यापूर्वी

इंजिनाला किती इंधन द्यायचे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, रेडिएटरचा पंखा केव्हा फिरवायचा आणि चावी ओळखीची नसेल तर इंजिन चालू होऊ द्यायचे की नाही, हे निर्णय मोटारीतील ज्या बंदिस्त ॲल्युमिनियमच्या खोक्यात होतात, त्याला गॅरेजच्या व्यवहारात ईसीएम म्हणतात. दुरुस्तीच्या व्यवसायात या खोक्याच्या वाट्याला आलेली बदनामी मोठी आहे, कारण ज्या दोषाचा उलगडा होत नाही तो बहुधा त्याच्याच माथी मारला जातो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील स्वतंत्र गॅरेजांमध्ये ईसीएमची तपासणी, बदली आणि प्रोग्रॅमिंग करण्यात ज्या कारागिरांची उमेदीची वर्षे गेली, त्यांचा अनुभव मात्र याच्या उलट आहे. बदलण्यासाठी म्हणून आलेले बरेचसे ईसीएम धडधाकट निघतात आणि जे खरोखर निकामी झालेले असतात, त्यांतील पुष्कळांचा बळी दुसऱ्याच एखाद्या भागाने घेतलेला असतो. या कामाने शिकवलेली पहिली गोष्ट अशी, की खोका बदलणे हा तपासाचा शेवट आहे आणि तेथून सुरुवात करणारा कारागीर ग्राहकाचा खर्च तर वाढवतोच, शिवाय मूळ दोषही जागच्या जागी ठेवतो.

ज्या पिढीने हे काम अंगावर घेतले, तिचे शिक्षण कार्ब्युरेटरवर झाले होते. कार्ब्युरेटर म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल खेचून घेऊन त्याचे मिश्रण करणारे संपूर्णपणे यांत्रिक साधन. त्याचा बिघाड डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई आणि स्क्रू-ड्रायव्हरने सुटे. इंधन आणि ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच खोक्यात आणणारी बॉशची मोट्रॉनिक प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मोटारीत बसवली गेली असली, तरी भारतातील सामान्य ग्राहकाच्या मोटारीत इलेक्ट्रॉनिक इंधनफवारणी रुळली ती २००० च्या आसपास, प्रदूषणाची मानके कडक होऊ लागल्यावर. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज चार ही मानके १३ शहरांत लागू झाली आणि त्यांत मुंबई, पुणे व सोलापूर ही महाराष्ट्रातील शहरे होती. १ एप्रिल २०१७ पासून ती देशभर आली आणि १ एप्रिल २०२० पासून त्यांची जागा भारत स्टेज सहाने घेतली. प्रत्येक टप्प्याबरोबर सेन्सर वाढले, तारांचे जाळे दाट झाले आणि अनेक जुन्या सवयी महाग पडू लागल्या. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर वीज तयार करणारे यंत्र, चार्जिंग करतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. कार्ब्युरेटरच्या गाडीत ती खपून जाई. ईसीएमच्या गाडीत मात्र बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज क्षणभर उसळते आणि त्या एका उसळीत खोक्यातील नाजूक भाग जळू शकतात. चांगले हात असलेल्या कित्येक मिस्त्रींना ही सवय सोडणे नवे काम शिकण्यापेक्षा जड गेले.

स्कॅनर, म्हणजे डॅशबोर्डखालील सोळा पिनांच्या सॉकेटला जोडून ईसीएमशी बोलणारे उपकरण, गॅरेजांत आला तेव्हा पहिल्या काही वर्षांत त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा केल्या गेल्या. स्कॅनरवर उमटणारा कोड म्हणजे ईसीएमने नोंदवलेली तक्रार असते. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटाबद्दल आहे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची फिरण्याची स्थिती सांगणारा संकेत नीट मिळत नाही एवढेच त्यातून कळते. सेन्सर बिघडला आहे, तार तुटली आहे, कपलरमधील, म्हणजे तारांच्या जोडातील, पिन सैल आहे की ईसीएमच्या आतला भाग गेला आहे, हे तो कोड सांगत नाही. पी०६०६ हा कोड तर थेट ईसीएमच्या प्रोसेसरकडे बोट दाखवतो आणि तो दिसला की खोक्याची ऑर्डर देण्याचा मोह आवरणे कठीण जाते. परंतु बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारल्यानेही काही गाड्यांत हा कोड नोंदवला जातो. तक्रार आणि निकाल यांतील अंतर मल्टीमीटरने भरून काढावे लागते, आणि या व्यवसायातील कसब मुख्यतः त्या अंतरात असते.

याचे एक नमुनेदार प्रकरण असे. एका पेट्रोल हॅचबॅकचे इंजिन सेल्फ मारल्यावर फिरत होते, पण चालू होत नव्हते आणि स्कॅनर ईसीएमशी जोडलाच जात नव्हता. दुसऱ्या एका गॅरेजने नव्या ईसीएमचे कोटेशन आधीच देऊन ठेवले होते. संपर्कच होत नाही म्हणजे खोका मेला, हा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात ईसीएम जिवंत असण्यासाठी त्याला बॅटरीचा पुरवठा, मेन रिलेतून येणारा पुरवठा आणि पक्का अर्थ, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी विजेची वाट, लागते आणि तो स्वतः अनेक सेन्सरना पाच व्होल्टचा संदर्भ-पुरवठा देत असतो. या गाडीत पुरवठा आणि अर्थ ठीक होते, पण चावी ऑन केल्यावर सेन्सरच्या कपलरवर जेथे पाच व्होल्ट दिसायला हवेत, तेथे मल्टीमीटर अर्ध्या व्होल्टच्याही खाली होता. म्हणजे एकाच पुरवठ्यावर असलेल्या अनेक सेन्सरपैकी कोणीतरी तो पुरवठा अर्थकडे ओढून बसला होता. मग मीटरचा काटा नजरेसमोर ठेवून एकेक कपलर काढण्यात आला: थ्रॉटलचा काढला, फरक नाही, हवेच्या दाबाचा काढला, फरक नाही, एसीच्या पाइपवरील प्रेशर सेन्सरचा कपलर निघताच पाच व्होल्ट परत आले, स्कॅनर जोडला गेला आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. एसीच्या एका लहानशा सेन्सरमुळे इंजिन बंद पडू शकते, हे ज्याने एकदा पाहिले तो पुढे कोणत्याही खोक्याला मृत ठरवण्यापूर्वी पाच व्होल्ट मोजतो.

अर्थ हा असाच दुर्लक्षित विषय आहे. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग होऊन आलेल्या गाड्यांमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या सेन्सरचे पाच-सहा कोड एकदम येतात आणि पुसले तरी परत येतात, तेव्हा अनुभवी वायरमन स्कॅनर बाजूला ठेवून अर्थचा बोल्ट शोधतो. बहुधा तो ताज्या रंगावरच घट्ट केलेला असतो. अशा जोडाचा रोध ओहममध्ये मोजला तर तो ठीक दिसू शकतो, कारण मोजताना त्यातून प्रवाह जवळजवळ जातच नाही. म्हणून सेल्फ मारत असताना ईसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये किती व्होल्ट दिसतात हे पाहावे लागते. हा आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास असावा; तो एक व्होल्टपर्यंत गेला, तर ईसीएम सगळ्याच सेन्सरचे वाचन चुकीच्या पायावर करत असतो. रंग खरवडून बोल्ट आवळणे हे काही मिनिटांचे काम असते.

गाडीतील वेगवेगळे खोके एकमेकांशी ज्या दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात, त्या व्यवस्थेला कॅन म्हणतात. बॉशने ती १९८६ मध्ये जगापुढे मांडली. या तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असल्याने बॅटरी सोडवून सोळा पिनांच्या सॉकेटमधील ६ आणि १४ या पिनांमध्ये मोजले, तर साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एका टोकाशी संपर्क तुटला आहे, शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ज्या गाड्यांत या सॉकेटसमोर गेटवे नावाचा रखवालदार खोका बसवला आहे, तेथे हे मोजमाप सॉकेटवर लागू पडत नाही आणि तारांपर्यंत जावे लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांत या तारांचा सर्वांत मोठा शत्रू उंदीर असतो, आणि त्याने कुरतडलेल्या दोन तारांपायी संपूर्ण ईसीएम बदलले गेल्याची उदाहरणे शहरातल्या कोणत्याही जुन्या वायरमनला ठाऊक असतात.

ईसीएम कधी जातच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारे वेटोळे, आतून शॉर्ट झाले तर त्याला चालू-बंद करणारा ईसीएममधील ट्रान्झिस्टर जळतो. अशा गाडीत एक सिलिंडर काम करत नाही, कॉइल बदलूनही ठिणगी येत नाही आणि खोका खरोखरच दोषी ठरतो. येथे घाई केली तर तोच प्रसंग पुन्हा ओढवतो: नवा ईसीएम बसवला, पण शॉर्ट झालेली जुनी कॉइल तशीच ठेवली, की काही दिवसांत त्याच सिलिंडरचा तोच ट्रान्झिस्टर पुन्हा जळतो. हा दुहेरी खर्च ज्या गॅरेजने सोसला आहे तेथे पुढे एक नियम आपोआप तयार होतो, की खोका कशाने गेला याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवा खोका पेटीतून बाहेर काढायचा नाही.

पाण्याने गेलेल्या खोक्यांचा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या; ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुन्हा तेच घडले. काही गाड्यांत ईसीएम इंजिनाशेजारी उंचावर असतो, तर काहींत तो डाव्या बाजूच्या प्रवाशाच्या पायाजवळ किंवा ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, जेथे गढूळ पाणी सर्वांत आधी पोहोचते. अशा वेळी खोक्याचे भवितव्य ठरवणारी गोष्ट पाण्यापेक्षा चावी असते. वीज नसलेल्या खोक्यात शिरलेले पाणी वेळेवर काढले, बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुतला आणि पूर्ण वाळवला, तर तो वाचण्याची शक्यता बरी असते. पण पाणी ओसरताच गाडी चालू होते का पाहू या म्हणून मालकाने चावी फिरवली, की ओल्या पिनांमधून प्रवाह वाहू लागतो, तांबे झिजते आणि कपलरमध्ये हिरवा थर चढू लागतो. म्हणून पुरातल्या गाडीच्या मालकाचा फोन आला, की जाणता कारागीर इतर काही विचारण्याआधी बॅटरीचे टर्मिनल सोडायला सांगतो. अशा गाड्या पुष्कळदा चालू होऊन जातात आणि काही महिन्यांनी, जेव्हा पुराची आठवणही मागे पडलेली असते, तेव्हा पिना झिजून बंद पडतात. कपलर उघडून हिरवा थर दिसला, की गाडी कोणत्या गावाहून आली हे विचारण्याची पद्धत त्यातूनच पडली.

खोका दोषी आहे हे सिद्ध झाल्यावर कामाचा दुसरा आणि अधिक नाजूक भाग सुरू होतो. एकसारखे दिसणारे दोन ईसीएम एकाच मॉडेलच्या गाड्यांतले असले, तरी त्यांच्या लेबलवरचा हार्डवेअर क्रमांक आणि आतल्या सॉफ्टवेअरचा क्रमांक वेगळा असू शकतो. इंजिन तेच, पण गिअरबॉक्स, एसी किंवा प्रदूषणाचे मानक वेगळे असते. नव्या खोक्याला आपण कोणत्या गाडीत बसलो आहोत याची काहीच माहिती नसते. त्याच्यात गाडीचा सतरा अक्षरांचा ओळख-क्रमांक लिहावा लागतो, त्या गाडीचे सॉफ्टवेअर भरावे लागते आणि चावीच्या बंदोबस्ताशी, म्हणजे इमोबिलायझरशी, त्याची ओळख करून द्यावी लागते. इमोबिलायझरची रचना अशी असते, की चावीच्या प्लास्टिकमध्ये दडवलेली बारीक चिप आणि इग्निशन स्विचभोवतीची कॉइल यांच्यात संकेतांची देवाणघेवाण होते आणि ती जुळल्यावरच ईसीएम इंधन व ठिणगी सोडतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेला जुना ईसीएम बसवला, की इंजिन अनेकदा चालू होते आणि दोनच सेकंदांत बंद पडते, डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत राहतो. तो खोका दुसऱ्याच गाडीच्या चावीची वाट पाहत असतो.

या अडचणीवरचा जुना आणि कष्टाचा मार्ग म्हणजे मूळ खोका उघडून त्यातील आठ पायांच्या मेमरी चिपमधील माहिती वाचणे आणि ती दुसऱ्या खोक्यात लिहिणे. बोर्डावरचा संरक्षक लेप हलक्या हाताने खरवडून, चिप वाचनयंत्रात धरून तिच्यातील मजकूर दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वाचने तंतोतंत जुळली तरच पुढे जायचे असते, कारण पायाला लेपाचा एक कण राहिला तरी वाचन चुकते. दुसऱ्या खोक्यात काहीही लिहिण्याआधी त्याचा स्वतःचा मूळ मजकूरही गाडीचा क्रमांक आणि तारीख घालून जपून ठेवावा लागतो. या कामात दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही: जे कौशल्य ग्राहकाची गाडी वाचवते, तेच चोरीच्या गाडीला नवी ओळख देऊ शकते. म्हणून नोंदणीचे कागद आणि चासीवर कोरलेला क्रमांक ताडून पाहिल्याखेरीज अशा कामाला हात न लावण्याची शिस्त या व्यवसायातील सचोटीच्या कारागिरांनी स्वतःहून लावून घेतली आहे.

प्रोग्रॅमिंगच्या वेळी सर्वांत मोठा धोका विजेचा असतो. खोक्यातील जुने सॉफ्टवेअर पुसून नवे भरले जात असताना पुरवठा खाली आला, तर खोका अर्धवट भरलेल्या अवस्थेत अडकतो आणि पुष्कळदा सॉकेटमधून त्याच्याशी पुन्हा बोलताही येत नाही. नवशिक्याला वाटते, की इंजिन बंद असल्याने बॅटरीवर भार नाही. परंतु प्रोग्रॅमिंग सुरू होताच ईसीएमचे नेहमीचे नियंत्रण थांबते आणि अनेक गाड्यांत सुरक्षिततेसाठी रेडिएटरचा पंखा आपोआप पूर्ण वेगाने फिरू लागतो. तो पंखा एकटाच बॅटरी ओढून घेतो. १३ व्होल्टच्या वर स्थिर पुरवठा देणारे यंत्र आधी जोडणे, दिवे आणि एसी बंद करणे, लॅपटॉपचे चार्जर लावून ठेवणे आणि काम पूर्ण होईपर्यंत गाडीचे दार कोणालाही उघडू न देणे, या गोष्टी कोणत्याही पुस्तकापेक्षा अडकलेल्या एका खोक्याने अधिक लवकर शिकवल्या आहेत. साधे बॅटरी चार्जर या कामाला चालत नाही, कारण त्याचा पुरवठा स्वच्छ नसतो.

सॉफ्टवेअर भरले, गाडी चालू झाली, म्हणजे काम संपले असे मानणे ही बदलीच्या कामातील सर्वांत सामान्य त्रुटी आहे. जुन्या ईसीएमने त्या एका इंजिनाच्या सवयी वर्षानुवर्षे टिपलेल्या असतात: थ्रॉटल बंद असताना नेमका किती फटीवर थांबतो, आयडलला किती हवा लागते, इंजेक्टर किती झिजले आहेत. डिझेलच्या कॉमन रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरच्या माथ्यावर अक्षरे आणि आकडे मिळून बनलेला एक कोड असतो, जो कारखान्यातील चाचणीत त्या इंजेक्टरच्या फवारणीत आढळलेला बारीक फरक सांगतो. तो ईसीएममध्ये लिहिला नाही तर इंजिन चालते, पण धडधडते आणि धूर करते. भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर किती भरला आहे याची नोंदही ईसीएमकडे असते. नव्या खोक्याने भरलेला फिल्टर रिकामा समजला, तर काजळी जाळण्याची वेळ चुकते आणि एकदम पेटलेल्या जास्तीच्या काजळीने तो महागडा फिल्टर तडकू शकतो. जुना खोका बोलत असेल तोवर त्याच्याकडून ही सगळी मूल्ये उतरवून घेणे, हे नवा खोका बसवण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

गेल्या काही वर्षांत या कामाची अडचण तारांकडून परवानगीकडे सरकली आहे. अनेक नव्या गाड्यांत प्रोग्रॅमिंगपूर्वी उत्पादकाच्या सर्व्हरवर लॉगिन करून मंजुरी मिळवावी लागते. चोरी आणि छेडछाड रोखण्यासाठी हे आवश्यक आहे हे मान्य करूनही, ज्या गॅरेजकडे ते लॉगिन नाही त्याच्याकडे दोष शोधण्याची विद्या असून दुरुस्ती पूर्ण करण्याचा अधिकार नसतो, आणि या कोंडीतूनच नक्कल केलेल्या स्वस्त उपकरणांचा बाजार फोफावला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारींच्या दुरुस्ती-हक्काचा कायदा केला. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती-हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचे क्षेत्रही धरले. वारजे किंवा भोसरीतील गॅरेजमालकाच्या दृष्टीने या साऱ्याचे मोल एकाच गोष्टीवर ठरेल, ती म्हणजे योग्य शुल्क भरून अधिकृत सॉफ्टवेअर त्याच्या हाती पडते की नाही.

या कामाचे अर्थकारण हा अनुभवातील सर्वांत कडवट भाग आहे. नव्या ईसीएमसाठी हजारो रुपये मोजणारा ग्राहक, दोन तास मल्टीमीटर धरून शोधलेल्या तुटक्या तारेचे पैसे देताना कुरकुरतो, कारण त्याला बिलात वस्तू दिसत नाही. गॅरेजचा नफा सुट्या भागांच्या विक्रीतून येतो अशी व्यवसायाची जुनी घडी असल्याने, खोका निर्दोष आहे असे सांगणारा कारागीर स्वतःचेच उत्पन्न कमी करत असतो आणि खोका बदलणाऱ्याला चुकीच्या निदानाचेही पैसे मिळतात. ज्यांनी ही घडी मोडली त्यांनी फार काही केले नाही: तपासणीचे शुल्क गाडी आत घेण्यापूर्वी सांगितले, ते वेगळे लिहिले आणि ईसीएम लागो वा न लागो, तेवढेच घेतले. सुरुवातीला काही ग्राहक तुटले. पुढे मात्र शेजारच्या गॅरेजांत अडलेल्या गाड्या याच दारात येऊ लागल्या, त्यांतील बहुतेक जुन्याच ईसीएमवर परत गेल्या, आणि तपासणीच्या पैशांवर गॅरेज चालू शकते हे शेजाऱ्यांनाही हिशेबाने पटू लागले.